गाडीचा दम आणि बाबांचा उजवा पाय

ती. आत्यास,

दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारा, सगळे दात शाबूत असलेला, चष्माही फक्त वर्तमानपत्रापुरता लावणारा माणूस एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ‘मी आता म्हातारा झालो’ असं का जाहीर करतो? सुरुवातीलाच कबूल करते, मला याचं उत्तर देता येत नाही. खरं म्हणजे आधी नमस्कार लिहायला हवा होता, पण काळजी पुढे घुसली. तर साष्टांग नमस्कार. (मनाने साष्टांग. शरीराने सध्या जेमतेम मान वाकते, कारण कंबर धरली आहे. ती का धरली ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? शिलाई मशिनीचा पट्टा बदललास का? दुकानासमोरचा खणलेला रस्ता बुजवला, की गिऱ्हाईकं अजून फळीवरून तोल सांभाळत येतात? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आणि तू शिवलेली सगळी कव्हरं जागच्या जागी आहेत. रिमोटचं, मिक्सरचं, फ्रिजच्या मुठीचं, आईच्या वजनकाट्याचं. माझ्या पदवीच्या चौकटीला शिवलेला मखमली पडदासुद्धा. तो वर केल्याशिवाय मी पदवीधर दिसत नाही, म्हणून पाहुणे आले की आई आधी पडदा उचलते आणि मग पाणी आणते. (हे मुद्दाम लिहिलेलं नाही, सहज आठवलं. कव्हरांचा पुढच्या मजकुराशी काहीही संबंध नाही.)

तर बाबा म्हातारे झाले ते आपल्या निळ्या गाडीमुळे. तुला माहीतच आहे, आयुष्यभर त्यांनी कंपनीची व्हॅन चालवली. त्या व्हॅनला हॉर्न सोडून सगळ्याचा आवाज यायचा. त्यानंतर ही पहिली स्वतःची गाडी, वापरलेली असली तरी टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं बाबांनी आपल्या गल्लीत इतक्यांना समजावलंय की समोरचे इस्त्रीवाले आता आपल्या इस्त्रीलाही टर्बो म्हणतात. पहिले काही आठवडे गाडी चढणीवर अशी निघायची की बाबा मागे वळून माझ्याकडे बघायचे आणि आई ओरडायची, ‘पुढे बघा हो!’ मग हळूहळू काहीतरी बिनसलं. सिग्नलला उभी राहिली की गाडी अंगात ताप भरल्यासारखी थरथरायची. किल्लीला लावलेला पितळी मासा खणखण वाजायचा, आरसा हलायचा, आरशातली आई हलायची. आणि पाण्याच्या टाकीकडची चढण आली की सगळा दम संपायचा. बाबा ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवायचे आणि गाडी नुसता मोठा उसासा टाकून त्याच गतीने रांगायची. एकदा तर सायकलवरचे एक आजोबा आम्हाला मागे टाकून वर गेले, आणि वर जाऊन, काही मदत लागेल का हे विचारायला थांबले.

दुसऱ्या सकाळी तो कप खाली ठेवण्याचा प्रसंग. गाडीत काही दोष नाही, म्हणाले. दोष माझ्या उजव्या पायात आहे. पायातला जोर गेला. पूर्वी जेवढा दाबायचो तेवढा आता दाबला जात नाही, आपल्याला वाटतं दाबला, पण दाबलेला नसतो. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की आईने लगेच तेल गरम करायला ठेवलं. त्यानंतर रोज तो पाय चोळला जातो. बाबा रोज वजनकाट्यावर (कव्हरासकट) एकच पाय दाबून जोर मोजतात आणि आकडा कोणाला सांगत नाहीत. आणि मग एक दिवस कळलं की त्यांनी गाडी विकायला काढली आहे. पलीकडच्या गल्लीतले व्यायामशाळेचे मास्तर रविवारी ती न्यायला येणार. मास्तरांच्या पायात जोर आहे, असं बाबांचं म्हणणं.

आत्या, तुला माहीत आहे, टेकडीवरच्या रोपवाटिकेत मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय म्हटली. पगार विचारला नाही, काम विचारलं नाही. ‘पहिल्या दिवशी मी सोडणार,’ म्हणाले. ‘दारापर्यंत. तिसऱ्या गिअरमध्ये.’ आता म्हणतात, बसने जा, बस चांगली असते. ज्या माणसाने जन्मभर बसला शिव्या दिल्या, तो बस चांगली असते म्हणायला लागला की मुलीने काय समजायचं? मला गाडीची काळजी नाही. गाडी गेली तर जाईल. पण ती गेल्यावर बाबा जे खुर्चीत बसतील ते उठायचे नाहीत, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे जबाबदारी अर्थात माझ्यावर आली. आपल्याकडे पदवी कसली आहे हे कोणी विचारत नाही. गीझर बंद पडला, सरकारी पत्र आलं, मावशीच्या कानात दडा बसला, की हाक येते, ‘अगं, शिकलीस ना तू? बघ जरा.’ मी वनस्पतिशास्त्र शिकले, पण यावेळी मी तक्रार केली नाही. मी मनाशी ठरवलं की भावनेच्या भरात काहीही मानायचं नाही. निरीक्षण करायचं, एकेक शक्यता काढून टाकायची, आणि शेवटी जे उरेल ते कितीही कडू असलं तरी सत्य म्हणून स्वीकारायचं. (हे मी आईला मोठ्याने सांगितलं. आई म्हणाली, ‘स्वीकार, पण आधी जेवून घे.’)

पहिली पायरी म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली. आपल्या गॅरेजवाल्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते बोनेट उघडून आधी जोरात ‘च्च’ करतात आणि मग घरच्यांना बाजूला घेतात. त्यांनी सांगितलं, मिसिंग करतेय, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकतोय, स्पार्क प्लग गेलेत. प्लग बदलले, थरथर तशीच. मग म्हणाले, कॉइल. कॉइल बदलली, थरथर तशीच, फक्त पितळी मासा आता वेगळ्या सुरात वाजायला लागला. मग त्यांनी मला बाजूला घेऊन खाली मान घालून सांगितलं, ‘टर्बो गेला, ताई.’ मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, ‘बाकी काय राहिलंय?’ हा तर्क मलाही नाकारता येईना, कारण माझी पद्धत तीच होती. पण ते टर्बोकडे बघायच्या आधीच ‘गेला’ म्हणाले, हे मला खटकलं. बाबांना मात्र बरं वाटलं की वाईट वाटलं हे समजेना. ते डॉक्टरांना एवढंच म्हणाले, ‘सगळं तपासा, फक्त तो काळा हवेचा डबा उघडू नका, तो मी स्वतः बघितलाय.’

मग मी स्वतः उतरले. टर्बोने दाबलेली हवा ज्या रबरी नळ्यांतून इंजिनात जाते त्यांना भेग पडली तर हवा बाहेर निसटते आणि जोर जातो, असं मी वाचलं होतं. भेग शोधायची तर साबणाचं पाणी ओतायचं, फुगे येतील तिथे गळती. मी बादलीभर फेस केला, बाबांना आत बसवून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि बोनेटमध्ये निम्मी शिरून ओतत बसले. फुगे आले, आत्या! चारी बाजूंनी आले. मी आनंदाने किंचाळले. मग लक्षात आलं की साबण जास्त पडल्याने पंख्याच्या वाऱ्यानेच फुगे उठतायत आणि गल्लीभर तरंगतायत. इस्त्रीवाल्यांनी शर्ट आत घेतले. मी सरळ व्हायला गेले, तर सरळ होता येईना. कंबर धरली ती ही. मला तसंच वाकलेलं जिन्यावरून वर आणलं, आणि बाबा वाटेत सारखे म्हणत होते, ‘बघ, माझ्या पायाचं तुला आधीच सांगितलं होतं.’ जणू माझी कंबरही त्यांच्या पायामुळेच गेली. पण साबण वाळल्यावर मी नळ्या पुन्हा तपासल्या. एकही भेग नव्हती.

झोपून राहण्याचा फायदा असा की माणूस विचार करतो. मैत्रिणीकडून स्टिअरिंगखाली खोचायचं एक छोटं यंत्र आणलं होतं, ते फोनवर इंजिनाची तब्येत दाखवतं. त्यात दिसलं की इंजिनाला जेवढी हवा मिळायला हवी त्यापेक्षा फारच कमी मिळतेय, आणि हवा मोजणारा सेन्सर काहीतरी भलतंच सांगतोय. माझ्या डोळ्यांपुढे एकदम पान आलं. पानाला बारीक तोंडं असतात, ती मिटली की झाड उभं असतं, हिरवं असतं, पण वाढ थांबते. कोणी म्हणत नाही की झाडाचा पाय गेला! मग गाडी तरी वेगळं काय करतेय? ती श्वास कुठून घेते? काळ्या हवेच्या डब्यातून. त्या डब्यात कागदी घड्यांचा एअर फिल्टर असतो, आणि तो डबा सोडून मी सगळं तपासलं होतं.

इथून पुढे आमच्या घरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या. मी म्हटलं, डबा उघडते, तर बाबा म्हणाले, स्वच्छ आहे, मी बघितलाय. कधी? परवा. परवा तर तुम्ही पाय चोळून घेत होतात. तर म्हणाले, त्याच्या आधी. मी खाली निघाले, तर आईच्या हातून पातेलं पडलं. मी पातेलं उचलून पुन्हा निघाले, तर आईला एकाएकी चक्कर आली, जी मी परत वर येताच थांबली. गाडीची किल्ली हरवली आणि तांदळाच्या डब्यात सापडली. शेवटी बाबा दाढी करायला बसले, गालभर फेस होता, तेव्हा मी भिंतीला धरून खाली गेले आणि त्या डब्याच्या खिट्ट्या काढल्या.

आणि आत काय होतं सांगू? उंदराचं घरटं होतं. चांगलं मोठं, मऊ, कापसाचं. उंदीर बहुधा राखाडी असावा. घरटं त्याने फार मेहनतीने केलं होतं, त्याचा हेतूही चांगला असणार, त्याला दोष देता येणार नाही. आम्ही घरटं काढलं, सेन्सरवर चिकटलेला कापूस स्प्रेने साफ केला, आणि गाडी चढणीवर पूर्वीसारखी निघाली. एवढं होऊनही बाबा म्हणतात, गाडी सुधारली पण पाय सुधारला नाही, आणि मास्तरांचं रविवारचं ठरलेलं तसंच आहे. माझ्या रुजू होण्याच्या दिवशी तू येणार, हे फोनवर कळल्यापासून सगळे आनंदात आहेत. आईबाबांचा नमस्कार आहेच. गुडघ्यांना जप, मशीन चालवताना उजेड पाठीमागून घे, आणि माझ्यावर लोभ आहे तेवढाच असू दे, कारण त्याची लवकरच परीक्षा होईल असं वाटतं.

तुझी,
पदवीधर भाची

ता. क. वरचं पत्र बाबांनी वाचून पास केलं. उंदराचा रंग त्यांनीच सुचवला. पुढचं मी टपाल कचेरीतल्या बाकावर बसून लिहितेय, आणि ते घाईचं आहे, कारण बाबा बाहेर गाडी सुरू ठेवून थांबलेत. आत्या, उंदीर नव्हता. त्या डब्यात फिल्टरला उशीसारखा अभ्रा घातलेला होता. आतून मऊ फ्लॅनेल, बाहेरून दुहेरी कापड, कडेला झालर, आणि कोपऱ्यात पिवळं बदक. बाबांच्या शाळेच्या शर्टांचे फाटलेले खिसे तू जे बदक काढून झाकायचीस, तेच बदक. तुला आठवत असेल, गाडी नवीन आली तेव्हा बाबांनी कौतुकाने तुला तो फिल्टर दाखवला होता, आणि तू धूळ बघून म्हणाली होतीस, ‘शी! हे असं उघडं नाक घेऊन फिरते का रे ही?’ आणि टेप काढली होतीस.

वर गेले तेव्हा बाबा अर्ध्या गालावर फेस घेऊन बसले होते. मी फक्त अभ्रा पुढे धरला. ते म्हणाले, ‘ताईने शिवलंय.’ मी म्हटलं, दिसतंय, पण गाडीला श्वास घेता येत नव्हता, फ्लॅनेलची लव निघून सेन्सरवर बसली म्हणून ती थरथरत होती, हे तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, अंदाज होता. मग काढायचा नाही का? म्हणाले, ‘ती कळवून येते का कधी? आणि आली की चपला काढायच्या आधी म्हणते, बोनेट उघड रे, बदक बघू दे.’ आई मधेच म्हणाली की पूर्वी चुलतकाकांनी रेडिओचं कव्हर काढलं होतं, तेव्हा तू रागावली नव्हतीस. नुसतं ‘गरम होत होता का रे?’ असं विचारलंस आणि आत जाऊन ते कव्हर एकटीच उसवत बसलीस. बाबा म्हणाले, तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. मी विचारलं, म्हणून तुम्ही स्वतःला म्हातारं ठरवलंत? सगळ्या गल्लीसमोर? गाडी विकायला काढलीत? तर म्हणाले, ‘त्यात काय एवढं, आज ना उद्या होणारच होतो. ताईला सांगण्यापेक्षा म्हातारं होणं सोपं.’ माझ्या सगळ्या निरीक्षणात ही एक शक्यता कुठेच नव्हती.

अभ्रा काढल्यावर गाडी खरंच सुधारली, ते पत्रात लिहिलंय तसंच. पण त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, तू येतेस म्हणून. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा थरथरत होती आणि बाबा पुन्हा म्हातारे होते. मी डबा उघडला. बदक आत! उंदराची गोष्ट तुला पटावी म्हणून आईने अभ्र्याचा एक कोपरा नागमोडी कात्रीने कातरूनही ठेवला होता. असा शिस्तीत चावणारा उंदीर मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही.

ता. क. २. आता खरं काम. मी सत्याच्या बाजूने आहे हे तुला माहीत आहे, पण सत्य इतकं मऊ आणि झालर लावलेलं असेल असं मला कोणी शिकवलं नव्हतं. सांगितलं तर तू दुखावशील, नाही सांगितलं तर बाबा रविवारी कायमचे म्हातारे होतील. तू दुखावलीस तर मी तुझ्या दुकानात येऊन पायाशी बसेन, काजं करेन, बटणं लावेन, पण बाबा खुर्चीत बसले तर त्यांना उठवायला माझ्याकडे काहीच नाही. म्हणून तुला विनंती आहे. पत्र मिळाल्याबरोबर बाबांना फोन कर आणि रागाव. चांगलं मोठ्याने, लहानपणी रागवायचीस तसं. ‘मूर्खा’ म्हण. फक्त ते ‘गरम होत होता का रे?’ नको. ते त्यांना सहन होत नाही, आणि बहुतेक तुलाही होत नसावं. आणि गाडीसाठी काहीतरी शिवायचंच असेल तर कुठेही शिव, जिथून ती श्वास घेत नाही अशा कोणत्याही जागी. किल्लीचा मासा अजून उघडाच आहे.

तुझ्या शिवणीबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यातून हवासुद्धा गेली नाही. एवढे पक्के टाके आता कोणी घालत नाही.

ता. क. ३. हे पार्सल तुझ्या हातात जरा फुगीर लागलं असेल. घरी मी सांगितलंय की आत तुझ्या कुंड्यांसाठी फुलझाडांच्या बिया आहेत. (त्याही आहेत. अगदीच खोटं मला जमत नाही.) आज सकाळी बाबा पाय चोळून घेत असताना मी खाली जाऊन आले, सेन्सरही पुन्हा साफ केला. मग बाबांनीच मला इथे आणून सोडलं. टाकीची चढण आली तेव्हा गाडी अशी वर गेली की मासाही गप्प होता. बाबांनी एकदा माझ्या मांडीवरच्या पार्सलकडे बघितलं, एकदा बोनेटकडे बघितलं, आणि पुढे बघत म्हणाले, ‘आज पायात जोर वाटतोय. मास्तरांना कळवायला हवं.’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये होतो.

पार्सलचं कापड मी स्वतः शिवलंय, फक्त हे कागद सरकवण्यापुरती फट ठेवली आहे. टाके वाकडे आहेत, हसू नकोस. उसवताना कात्री जपून चालव, आत बदक आहे.